पालकांची सही

सकाळी सात पन्नासला स्विंडनच्या बसमध्ये
आम्ही दोघी शेजारी बसतो.
शाल्मलीच्या मांडीवर डबा, माझ्या मांडीवर डबा,
दोन्हींत तीच फरसबी, त्याच पोळीची सुरळी.
तिच्या गळ्यात शाळेचा टाय, खोटा, इलॅस्टिकचा.
माझ्या गळ्यात पट्टा, त्याला माझाच फोटो,
कुणीतरी रागावल्यावर काढल्यासारखा.

"आज काय आहे तुला?"
"दहाला मीटिंग. ग्रॅहम घेणार."
"गृहपाठ केलास?"
"तक्ता अर्धाच झालाय गं."
"मग सांग, कुत्र्यानं खाल्ला."
"सांगणार आहे, सर्व्हर बंद होता."
तिला पटतं. सर्व्हर हा मोठ्यांचा कुत्रा.

दिवसभर मी पेन्शनवाल्यांचे फोन घेते.
कऱ्हाडच्या शाळेत करंगळी वर केली
की शेवाळे बाई मान हलवायच्या, आपण सुटायचो.
इथे सात नंबरचं बटण दाबावं लागतं,
मग पडद्यावर माझ्या नावापुढे घड्याळ पळतं
आणि चार मिनिटांच्या वर गेलं की लाल होतं.
एम.कॉम. झाले, समुद्र ओलांडला, कर्ज काढून घर घेतलं,
करंगळी काही सुटली नाही.

फ्रिजमध्ये डेबोराच्या दुधावर डेबोराचं नाव,
जसं माझ्या खोडरबरावर माझं असायचं.
तरी दूध रोज बोटभर कमी होतं.
कॉलिन उठतो आणि जाऊन नाव सांगून येतो.
कॉलिन प्रत्येक वर्गात असतो.
कऱ्हाडात त्याला प्रभंजन म्हणायचे.

मध्ये एकदा आगीची घंटा झाली. खोटीच.
एकशे बारा माणसं पार्किंगमध्ये रांगेत,
पिवळं जाकीट घालून ग्रॅहम हजेरी घेतोय,
आणि बेचाळिसाव्या वर्षी मी म्हणाले, "हजर!"
मराठीत. तोंडातून आपोआप.
त्यानं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

परवा गुरुवारी दोन्ही निकाल एकाच दिवशी.
दुपारी ग्रॅहमनं कागद पुढे सरकवला:
अपेक्षेइतकं काम. सगळ्यांत मिसळते.
बैठकीत थोडं अधिक बोलावं.
पगारवाढ दीड टक्का, सोबत एक मफिन.

संध्याकाळी मिस ओकलींच्या वर्गात
एवढ्याशा खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून ऐकलं:
अपेक्षेइतकी प्रगती. सगळ्यांत मिसळते.
वर्गात थोडं अधिक बोलावं.
विचारणार होते, बाई, तुम्ही ग्रॅहमच्या कोण?
पण हात वर केला नव्हता, म्हणून गप्प बसले.

परतीच्या वाटेवर तो चौक लागतो,
एका मोठ्या चक्राभोवती पाच छोटी चक्रं.
बस कुठून शिरते, कुठून निघते,
नऊ वर्षांत मला कळलेलं नाही.
शाल्मलीनं दोन्ही कागद मांडीवर ताडून पाहिले.
"आई, लोकांना वाटेल आपण कॉपी केली."

मग मी तिला सांगून टाकलं,
की तिसरीत 'गणित कच्चे' या शेऱ्याखाली
अप्पांची सही मीच ठोकली होती,
इतकी झकास, की पुढे अप्पा बँकेतही तशीच करू लागले.
ती हसली नाही. माझा कागद उलटसुलट करत होती.
"ह्याच्यावर पालकांच्या सहीला जागाच नाही."
"नसते गं. मोठ्यांना नसते."
सर्व्हर पटला होता, हे मात्र पटलं नाही.

दप्तरातून जांभळं स्केचपेन निघालं.
बस तिसऱ्या चक्रात वळत असताना एक रेघ वाकडी गेली,
रेघेवर सही आली,
शनिवारच्या मराठी वर्गातल्या अक्षरात,
ल्म पाशी जरा अडखळून.
खाली शेरा: आई बोलते. घरी तर फारच.

हा कागद सोमवारी नऊच्या आत ग्रॅहमला द्यायचाय.
दुसरी प्रत काढता येईल.
अजून काढलेली नाही.